साठ खाटांच्या बिल्डिंगआधी एक पोरगी घरी पाठवा : विश्वस्त मंडळाला खुलं पत्र

आदरणीय विश्वस्त मंडळ आणि मिशन कमिटीचे सगळे सभासद,

ख्रिस्तात प्रेमाचा सलाम.

मी तुमची एक साधी देणगीदार. नऊ वर्षं झाली, युगांडातल्या मसाका भागातल्या एका मुलीच्या शिक्षणासाठी तुमच्यामार्फत दर महिन्याला पैसे जातात, एकही महिना चुकलेला नाही, आणि हे मी फुशारकी म्हणून सांगत नाहीये, पुढे जे लिहिणारे ते ऐकून घ्यायचा हक्क दाखवायला सांगतेय. संस्थेचं नाव इथे टाकत नाही. मला कुणाला नावं ठेवायची नाहीयेत, उत्तर हवंय. तीन मेल केले, तिन्ही वेळा तेच उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मग म्हटलं आता उघडच लिहूया.

निमित्त दोन आहेत. एक म्हणजे तुमचं नवीन अपील, साठ खाटांचं बालगृह, बिल्डिंगचा रंगीत नकाशा, प्रत्येक खाटेवर देणगीदाराच्या नावाची पाटी. दुसरं म्हणजे त्या मुलीचं शेवटचं पत्र.

पत्र कसं येतं तुम्हाला माहितीये, छापील फॉर्म असतो. माझा आवडता विषय, माझा आवडता खेळ, मी देवाकडे काय मागते, आणि खाली चित्रासाठी चौकोन. चौकोनात ती दरवेळी कोंबडी काढते, सहा वर्षांची होती तेव्हापासून कोंबडीच, आता पंधराची झाली तरी कोंबडीच, फक्त पिसं जास्त बारकाईने काढते. यावेळी कोंबडीच्या खाली एक ओळ लिहून खोडरबरने पुसलेली होती. पेन्सिल दाबून लिहिलं की कागदावर वळ राहतो ना, तसा राहिला होता. खिडकीपाशी उजेडात तिरका धरला तर अक्षरं दिसायला लागली. लुगांडा भाषा, मला ओ की ठो कळत नाही. दोनच शब्द नीट लागले, एक मामा आणि एक एका. मला वाटलं मामाबद्दल काहीतरी लिहिलंय, एका मामाबद्दल. शोधलं तर कळलं की लुगांडात मामा म्हणजे आई आणि एका म्हणजे घरी.

त्यावरून मी ऑफिसला विचारलं की मुलगी सध्या राहते कुठे. आणि तेव्हा कळलं की ती २०२२ पासून कंपालाच्या बाहेर तुमच्या बालगृहात आहे, गावापासून सव्वाशे किलोमीटरवर. तिची आई जिवंत आहे. वडील लहानपणीच गेले, आई दुसऱ्यांच्या केळीच्या बागेत मजुरी करते, धाकटा भाऊ आईकडेच आहे. मुलीला हलवायचं कारण फाइलमध्ये एका ओळीत लिहिलेलं आहे: घरी राहून अभ्यास होत नाही.

तीन वर्षं मला पत्ता नव्हता, आणि यात माझीही चूक आहे, मी कधी विचारलंच नाही. दर नाताळला फोटो यायचा, युनिफॉर्म स्वच्छ, केस नीट, हसरा चेहरा, मी तो फ्रीजवर लावायचे आणि माझं मन भरून यायचं. मागे भिंत कुठली आहे हे बघायचं मला सुचलं नाही.

आता तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. युगांडातल्या शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या त्या जानेवारी २०२२ मध्ये पूर्ण उघडल्या, जगात सगळ्यात जास्त काळ बंद राहिलेल्या शाळांमध्ये त्यांची गणती होते. जवळजवळ दोन वर्षं. कितीतरी मुलं कामाला लागली, किती मुलींची लग्नं झाली, किती जणी आई होऊन बसल्या. अशा वेळी फील्डवरच्या माणसाला वाटलं असेल की पोरगी हातातून जायच्या आत उचलून सुरक्षित ठिकाणी ठेवू, तर त्या माणसाला मी दोष देणार नाही, मी असते तर कदाचित तेच केलं असतं. पण ती सोय संकटापुरती होती ना? संकट संपून तीन वर्षं झाली आणि आता तुम्ही त्याच सोयीची साठ खाटांची बिल्डिंग करताय.

तुमच्या अपीलच्या पहिल्याच पानावर मोठ्या टायपात आहे की जगात १४ कोटी अनाथ मुलं आहेत. आकडा खोटा नाही, युनिसेफचा २०१५ सालचा आहे. पण त्या मोजणीत आई किंवा वडील यांपैकी एक जण गेलेलं मूलसुद्धा अनाथ धरतात. दोघंही गेलेली मुलं त्यातली १ कोटी ५१ लाख. म्हणजे दहातल्या जवळपास नऊ अनाथांना आई तरी आहे नाहीतर बाप तरी आहे, आणि दोघं गेलेल्यांनासुद्धा बऱ्याचदा आजी असते, मावशी असते, मोठा भाऊ असतो. हे तुम्हाला माहीत नसेल असं मला वाटत नाही. मग ते पहिल्या पानावर का नाही? वाचणारा काय समजतो, की १४ कोटी पोरं रस्त्यावर एकटी उभी आहेत आणि त्यांना खाट हवीये. माझी मुलगी (बघा, मीही माझी म्हणायला लागले, तिची आई तिकडे बसलीये) त्याच आकड्यात मोजली गेलीये.

आणि अनाथालयांचा आजवरचा अनुभवही हेच सांगतो. मुलांसाठी काम करणाऱ्या सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेच्या २००९ च्या रिपोर्टमध्ये आहे की जगभरच्या अशा संस्थांमधल्या पाचातल्या किमान चार मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. कंबोडियात २०११ मध्ये सरकार आणि युनिसेफने मिळून बघितलं तेव्हाही तसंच निघालं, चारातल्या तीन मुलांना पालक होते. पालकांनी मुलं का पाठवली तर टाकून दिली म्हणून नाही, शाळा मिळेल म्हणून! हैतीत जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर अमेरिकेतल्या बाप्टिस्ट मंडळींमधल्या दहा जणांना ३३ मुलांसकट सरहद्द ओलांडताना पकडलं होतं, आठवत असेल, तेव्हा आपल्याकडे त्यांच्यासाठी प्रार्थनाही झाली होती. मग कळलं की त्यातल्या बहुतेक पोरांच्या घरी आईवडील होते आणि त्यांनीच चांगलं शिक्षण मिळेल या आशेने मुलं हवाली केली होती. ती माणसं वाईट होती असं मी म्हणत नाही. भल्या माणसांकडून हे होतं हीच तर अडचण आहे.

गरीब आईला आपण काय सांगतो याचा एकदा शांतपणे विचार करा. आपण म्हणतो, शाळा हवी असेल तर पोर आमच्याकडे दे. फी तुझ्या दारात देणार नाही, युनिफॉर्म तुझ्या घरी पोचवणार नाही, पण मूल दिलंस तर सगळं देऊ. ही मदत झाली का? हा तर सौदा झाला, आणि तोही अशा बाईशी जिला नाही म्हणायची सोयच नाही.

याकोबाच्या पत्रातलं ते वचन आपण प्रत्येक अपीलच्या मागच्या पानावर छापतो, शुद्ध धर्माचरण म्हणजे अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं. मी ते वचन शंभरदा वाचलं असेल पण त्यात अनाथ आणि विधवा एका दमात आलेत हे यावेळी पहिल्यांदा डोक्यात शिरलं. का एका दमात? कारण ती दोघं एकाच घरात असतात हो! नवरा मेलेली बाई आणि बाप मेलेलं पोर. आपण काय केलं, वचनाचे दोन तुकडे केले, अनाथ उचलून कंपालाला आणला आणि विधवा केळीच्या बागेत सोडून दिली. शिवाय मराठीत समाचार घेणं म्हणजे हजेरी घेणं असाही अर्थ होतो, आणि आपण त्या बाईचा बहुतेक तसलाच समाचार घेतलाय.

स्पॉन्सरशिपच बंद करा असं माझं म्हणणं अजिबात नाही, उलट आहे. २०१३ मध्ये ब्रूस वायडिक नावाचे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक मोठा अभ्यास छापून आला, कम्पॅशन इंटरनॅशनल या ख्रिस्ती संस्थेच्या स्पॉन्सरशिप कार्यक्रमावर, युगांडा, केनिया, भारत, फिलिपिन्स, ग्वाटेमाला, बोलिव्हिया असे सहा देश, दहा हजारांवर माणसं. लहानपणी स्पॉन्सर झालेली मुलं इतरांपेक्षा साधारण एक ते दीड वर्ष जास्त शिकली आणि माध्यमिक शाळा पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाणही चांगलंच वाढलं. हे वाचून मला खरंच बरं वाटलं होतं, आपले पैसे वाया जात नाहीत म्हणून. पण तो कार्यक्रम चालतो कसा ते बघा, मुलं आपापल्या घरी राहतात, गावातल्याच शाळेत जातात आणि वेळ ठरवून तिथल्या चर्चमधल्या सेंटरवर येतात. जेवण आईच्या हातचं, भांडण भावाशी. मदत मुलापर्यंत चालत गेली, मूल मदतीपर्यंत नाही.

खर्चाचं म्हणाल तर तुमच्या खजिनदारांनी टांझानियाच्या कागेरा भागाचं उदाहरण काढून बघावं, मसाकापासून फार लांब नाही. तिथे १९९० च्या दशकात हिशेब झाला होता, एका मुलाला संस्थेत ठेवायचा वर्षाचा खर्च दुसऱ्या कुटुंबात सांभाळायच्या खर्चाच्या जवळपास सहापट निघाला. साठ खाटांना सहाने गुणा. बिल्डिंग एकदाच बांधायची असं तुम्ही म्हणाल, पण वॉचमन, स्वयंपाकी, वॉर्डन, जनरेटर, पाण्याची टाकी हे दर महिन्याला असतं, आणि एकदा बिल्डिंग उभी राहिली की तिला मुलं लागतात. खाट रिकामी दिसली तर देणगीदार काय म्हणेल? म्हणून खाट भरली जाते. कोण भरतं, कुठून आणून भरतं, ते कोणी विचारत नाही.

अभ्यास होत नाही या कारणाकडे परत येते, कारण मला ते सगळ्यात जास्त खुपतंय. अभ्यास का होत नव्हता हे कोणी बघितलं का? युगांडात १९९७ पासून सरकारी प्राथमिक शाळेत फी नाही. पण वह्या आहेत, युनिफॉर्म आहे, दुपारचं जेवण आहे, सातवीअखेरची परीक्षा आहे. शिवाय पहिले तीन वर्ग स्थानिक भाषेत आणि चौथीपासून हळूहळू सगळं इंग्रजीत, सातवीचे चारही पेपर इंग्रजीत. दोन वर्षं शाळा बंद असलेल्या मुलीला नेमकं त्या वळणावर सोडून दिलं तर अडखळणारच ना. त्यावर सव्वाशे किलोमीटर लांबची खाट हा इलाज कसा झाला मला कळत नाही. गावातच संध्याकाळी दोन तास शिकवणारी एखादी बाई नेमली असती तर चाललं नसतं?

इथे बुसियाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्यासारख्याच एका ख्रिस्ती संस्थेची आहे. पश्चिम केनियात, युगांडाच्या सीमेला लागून हा भाग. १९९० च्या दशकात तिथे एक डच ख्रिस्ती संस्था शाळांना मदत करत होती, आणि त्यांनी एक धाडस केलं, आपल्या मदतीने फरक पडतो का हे बाहेरच्या अभ्यासकांना नीट तपासू दिलं. काही शाळांना आधी द्यायचं, काहींना नंतर, आणि मग तुलना. मायकेल क्रेमर त्यात होते, तेच ज्यांना २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर नोबेल मिळालं. आधी पुस्तकं वाटली. सगळ्यांना वाटलं पुस्तकांनी मार्क वाढणारच. सरासरी मार्क हललेच नाहीत! जी मुलं आधीच वर होती तीच अजून वर गेली, कारण पुस्तकं इंग्रजीत आणि बऱ्याच मुलांची इंग्रजी ही तिसरी भाषा. मग जंतांच्या गोळ्या दिल्या, ७५ शाळांमध्ये, तर गैरहजेरी साधारण पाव हिश्श्याने उतरली. युनिफॉर्म दिले तर ज्यांच्याकडे आधी युनिफॉर्मच नव्हता त्यांचं शाळा बुडवणं बरंच कमी झालं.

जंताची गोळी आणि एक युनिफॉर्म. यावर पाटी कोणाच्या नावाची लावणार? गोळीचा फोटो फ्रीजवर लावता येत नाही, म्हणून ती अपीलमध्ये येत नाही, बिल्डिंग येते. त्या डच संस्थेने पुस्तकांचा निकाल दाबून ठेवला नाही, छापू दिला. तुमच्या वार्षिक रिपोर्टमध्ये मी नऊ वर्षांत एकदाही वाचलं नाही की अमुक केलं आणि ते फसलं.

फोटोंबद्दलही बोलते. लंडनमध्ये डॉक्टर बर्नार्डोंनी १८७० मध्ये मुलांसाठी घर काढलं, मोठं काम केलं त्यांनी, वाद नाही. पण ते मुलांचे दोन फोटो विकायचे, एक आल्यावरचा फाटक्या कपड्यांतला आणि एक नंतरचा नीटनेटका. १८७७ मध्ये त्यावरून मोठं लवादाचं प्रकरण झालं आणि फोटो सजवून काढल्याचा ठपका त्यांच्यावर आला, पोरं दिसायची त्याहून कंगाल दाखवली होती. दीडशे वर्षं होत आली. तुमच्या अपीलच्या पान तीनवर आधी आणि नंतर असे दोन फोटो शेजारी शेजारी आहेत. बर्नार्डोंच्या संस्थेने स्वतः १९६० नंतर आपली घरं एकेक करून बंद करत आणली आणि कुटुंबातच मुलांना आधार द्यायचं काम धरलं. मग ज्या गोष्टी तिथल्या मुलांसाठी बंद केल्या त्या आफ्रिकेतल्या मुलांसाठी चांगल्या कशा? रवांडा तर आफ्रिकेतच आहे ना, त्यांनी २०१२ मध्ये धोरण आणून अनाथालयं बंद करत मुलं कुटुंबात परत पाठवायला घेतली.

आणि आपली स्वतःची परंपरा काही फक्त खाटांची नाही. १७८० मध्ये ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी रविवारची शाळा चालवली ती कोणासाठी, आठवडाभर टाचण्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या पोरांसाठी. सुट्टी एकच, त्या दिवशी वाचायला शिकवायचं आणि संध्याकाळी पोर आपल्या घरी. त्याला खाट लागली नाही.

अजून एक गोष्ट, जी बोलली की आपल्यातलेच लोक तोंड वाकडं करतात. मुलीच्या प्रगतीच्या रिपोर्टमध्ये बायबल क्लासच्या हजेरीचा कॉलम आहे, आणि त्याच्या शेजारी तारांकित टीप आहे की हजेरी कमी पडली तर मदतीचा फेरविचार होईल. मी ख्रिस्ती आहे, माझी स्वतःची मुलं संडे स्कूलला जातात, तिने देवाला ओळखावं असं मलाही वाटतं. पण फीच्या दोरीला बांधून? १९९४ मध्ये आपत्तीत मदत करणाऱ्या संस्थांसाठी रेडक्रॉसबरोबर जी आचारसंहिता ठरली तिच्या मागे वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस होती, कॅथलिकांची मदतसंस्था कॅरिटास होती, लूथरन चर्चेसची फेडरेशन होती. त्यात स्वच्छ आहे की मदत ही गरज बघून द्यायची, एखादा धार्मिक विचार पुढे रेटायला वापरायची नाही. म्हणजे हे बाहेरच्या टीकाकारांनी नाही, आपल्याच मंडळींनी कबूल केलेलं आहे. ती टीप काढा, एका ओळीचं काम आहे.

तरुण संघाच्या उन्हाळी ट्रिपबद्दल थोडक्यात. दोन आठवडे बालगृहात जायचं, लहान मुलांना कडेवर घ्यायचं, गाणी शिकवायची, निघताना सगळे रडणार. मग पुढची बॅच, परत तेच. त्या मुलांनी किती वेळा रडायचं? रोमानियात बुखारेस्टमध्ये २००० पासून अनाथालयांतल्या १३६ बाळांवर अभ्यास झालाय, जी लहान वयातच कुटुंबात गेली त्यांची बुद्धी आणि जिव्हाळा दोन्ही बरे वाढले, दोन वर्षांच्या आत गेली त्यांचे तर जास्तच. कायमचं एक माणूस लागतं मुलाला, दर जूनला नवीन वीस नाही. ट्रिपचे पैसे तिथल्या शिक्षिकेच्या पगाराला द्या, पोरं नाराज होतील पण समजावून सांगू आपण, मी येते सांगायला.

मला काय हवंय ते आता सरळ सांगते. बिल्डिंगचं अपील थांबवा. बालगृहात आत्ता जी मुलं आहेत त्यांच्या प्रत्येकाच्या घरी कोण कोण आहे हे शोधा, आणि हे काम तिथल्याच सोशल वर्करला द्या, इथून कमिटी पाठवू नका. ज्यांना परत जाता येईल त्यांना तयारी करून, घरच्यांना हातभार लावून परत पाठवा. एका रात्रीत बसमध्ये बसवून नाही, तसं केलं तर ते अजून वाईट, मुलाला दुसऱ्यांदा उपटल्यासारखं होईल. ज्यांना खरंच कोणी नाही किंवा घरी मारहाण आहे त्यांच्यासाठी नातेवाईक, नाहीतर जवळचं दुसरं कुटुंब, आणि अगदीच काही नाही झालं तर छोटं घर, गावाजवळ. संयुक्त राष्ट्रांची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वं पण हेच म्हणतात, की नुसती गरिबी हे मुलाला घरातून काढायचं कारण होऊ शकत नाही.

माझे पैसे मी बंद करणार नाही. मी धमकी देतेय असं कोणाला वाटायला नको, आणि पैसे थांबले की आधी भोगणार ती मुलगीच. पण यापुढे ते तिच्या आईच्या गावात खर्च व्हावेत, युनिफॉर्म, परीक्षा, शिकवणी आणि घरात दिवा लागत नसेल तर दिवा. हिशेबाची पावती नको मला, आईला विचारा काय कमी आहे आणि ती सांगेल ते लिहून पाठवा.

तुमची पुढची मीटिंग महिनाअखेरीस आहे असं कळलं. या पत्राची एक प्रत तिथे वाचून दाखवावी, पूर्ण, ताजा कलमासकट.

आपली नम्र,
एक देणगीदार

ता.क. नाताळच्या पत्राचा कोरा फॉर्म आलाय. त्यात माझा आवडता विषय या ओळीच्या वर एक ओळ वाढवता आली तर बघा: मी कोणाबरोबर राहते. आणि पुसलेल्या ओळीचा फोटो सोबत जोडलाय, उजेड नीट पडला नाही पण डावीकडून तिरकं बघितलं तर वाचता येतं.